जोडीदाराची नोंद आणि भविष्य निर्वाह निधी

मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टील कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांना समलिंगी जोडीदाराची नोंद करण्याची मुभा दिली. वैद्यकीय सुविधा आणि दत्तक मुलासाठीची रजा त्यामुळे विवाहाविना उपलब्ध झाली.

खरा पेच भविष्य निर्वाह निधीचा आहे. १९५२ च्या योजनेने कुटुंबाच्या व्याख्येत पती वा पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील धरले; सहजीवनातील जोडीदार नाही. कुटुंब असलेल्या सदस्याने बाहेरील व्यक्तीचे केलेले नामनिर्देशन या योजनेनुसार ग्राह्य नाही. परिणामी, वृद्ध आईला सांभाळणाऱ्या अविवाहित कर्मचाऱ्याला जोडीदाराचे नाव देता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहास मान्यता नाकारली. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने अशा जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले, तेही बँक खात्यापुरतेच.