शॉर्टकट कोणाचे? संगणकाच्या कळांचा एक छोटा इतिहास

१/ मोडी कागदांचे लिप्यंतर टंकित करताना 'मु॥' आणि 'रा॥' ही रूपे वारंवार येतात. मुक्काम आणि राजश्री यांचे हे संक्षेप. त्यांसाठी मी एका सामायिक संगणकावर, वर्डमध्ये, स्वतंत्र शॉर्टकट बसवले होते. सुट्टीहून परतले, तर संगणक फॉरमॅट झालेला. फाइली पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या, शॉर्टकट गेले. ते मुळात साठतात कुठे, हे शोधताना हाती लागलेला हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभ अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत. तेथे 'टेको' हा मजकूर-संपादक वापरात होता. त्याच्या आज्ञा जोडून छोटे प्रोग्रॅम, म्हणजे मॅक्रो, रचता येत. १९७० च्या दशकाच्या मध्यावर रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात अशी सोय केली की, कोणत्याही कळेवर आपल्या पसंतीचा मॅक्रो बसवता यावा.

३/ मुभा मिळताच जो-तो आपला संच रचू लागला. दुसऱ्याच्या टर्मिनलवर बसल्यास कोणती कळ काय करील, याचा भरवसा उरेना. तेव्हा गाय स्टील यांनी हे विखुरलेले संच एकत्र आणण्याचे काम आरंभिले. त्यातून १९७६ मध्ये 'ईमॅक्स' उभा राहिला. 'एडिटिंग मॅक्रोज' या शब्दांवरूनच हे नाव आले.

४/ येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, व्यक्तीची मुभा काढून घेतली गेली नाही. पाया सर्वांचा एक ठरला. फेरबदल ज्याचे त्याने त्यावर करावेत. पुढे १९८५ च्या जीएनयू ईमॅक्समध्ये हे फेरबदल एका साध्या मजकूर-फाइलमध्ये राहू लागले. ती वाचता येई, उतरवून घेता येई, मित्राला देता येई.

५/ कार्यालयांत मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरचा रिवाज निराळा होता. वर्डस्टारमध्ये कंट्रोल दाबून ई, एस, डी, एक्स या कळांनी कर्सर चार दिशांना फिरे. वर्डपरफेक्टची मदार फंक्शन कळांवर. त्या लक्षात राहाव्यात म्हणून कीबोर्डवर ठेवण्याची छापील पट्टी मिळे. तेथे मदतीसाठी एफ-३ दाबावे लागे, एफ-१ नव्हे.

६/ झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' या संपादकात कट-कॉपी-पेस्टची पद्धत घडवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. १९८३ च्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळा अनडू, कट, कॉपी, पेस्ट यांसाठी आल्या.

७/ १९८७ मध्ये आयबीएमने सर्व प्रोग्रॅमांसाठी समान नियमावली मांडली. तिच्यात कट म्हणजे शिफ्ट-डिलीट, कॉपी म्हणजे कंट्रोल-इन्सर्ट. विंडोजच्या अनेक प्रोग्रॅमांत त्या जोड्या आजही चालतात. लोकांच्या बोटांत मात्र सी आणि व्हीच रुळले.

८/ आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. वर्डमध्ये शॉर्टकट बदलताना 'सेव्ह चेंजेस इन' असा एक रकाना दिसतो. तेथे सहसा 'नॉर्मल' हा टेम्प्लेट असतो. २००७ पासून त्या फाइलचे नाव 'नॉर्मल डॉट डॉटएम'. शॉर्टकट तिच्यात राहतात, आपल्या लेखाच्या फाइलमध्ये नव्हे. म्हणून लेख वाचला आणि शॉर्टकट बुडाले. लिबरऑफिसमध्ये 'टूल्स'मधील 'कस्टमाइझ' या चौकटीत, कीबोर्डच्या पानावर, 'सेव्ह' आणि 'लोड' अशी बटणेच आहेत. संच वेगळ्या फाइलमध्ये काढून दुसऱ्या संगणकावर नेता येतो.

९/ 'मु॥' हाही शॉर्टकटच. पण तो एकट्या कारकुनाचा नव्हता, साऱ्या दफ्तराचा होता. म्हणून लिहिणारा गेल्यावरही तो वाचता येतो. माझा शॉर्टकट माझ्यापुरता होता, तोही एका यंत्रात कोंडलेला. स्टील यांच्यापुढचा पेच हाच होता: सोय एकाची, पण काम अनेकांचे.

१०/ तेव्हा स्वतःचे शॉर्टकट अवश्य करा. फक्त टेम्प्लेटची एक प्रत लेखांच्या शेजारी ठेवा, आणि कोणती कळ कशासाठी, हे एका कागदावर लिहून ठेवा. उद्या त्या खुर्चीवर बसणाऱ्याला तो कागद लागेल. माझा नवा कागद आता संगणकाशेजारीच चिकटवलेला आहे.