जवाहरलाल नेहरू बंदर (न्हावा-शेवा)

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील, मुख्यत्वे कंटेनर हाताळणारे बंदर. मुंबई बंदरावरील ताण हलका करण्यासाठी उभारले. २६ मे १९८९ रोजी सुरू. देशातील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल येथलेच. पुढे आणखी टर्मिनल झाली. द्रवरूप मालासाठी स्वतंत्र धक्का आहे. धक्क्यावरील उंच क्रेन जहाजातून कंटेनर उचलतात, मागच्या यार्डात त्यांच्या थप्प्या लागतात. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांचे सुटे भाग ट्रेलरमधून बोरघाट उतरून येथे येतात. अंतर्देशीय कंटेनर डेपोत सीमाशुल्क तपासणी झालेल्या मालाचे बंदरातील काही काम घाटावरच उरकते. चाकणच्या तयार मोटारी मात्र मुंबई बंदरातून, थेट जहाजात चालवत चढवून परदेशी गेल्या आहेत.