कोणता शब्द आधी?

गणपती ही विद्येची देवता. म्हणून या वर्षी आपल्या सर्वांच्या दप्तरात असलेल्या एका वहीचा इतिहास सांगावा असे मनात आले. ती म्हणजे इंग्रजी शब्दार्थांची वही! तीन रकाने : स्पेलिंग, देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ. आज मुलांच्या मोबाइलवर त्यात चौथा रकाना आला आहे : सोपा, मध्यम, अवघड. हा रकाना मुळात कोणी आणि कशावरून भरला?

सुरुवात अमेरिकेत झाली. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली शिक्षकांसाठी १०,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. मुलांची पुस्तके, बायबल, वर्तमानपत्रे, पत्रे अशा ४१ ठिकाणच्या मजकुरातले सुमारे ४५ लाख शब्द त्यासाठी मोजले गेले, तेही संगणक नसताना! जो शब्द वारंवार आणि अनेक ठिकाणी येतो, तो मुलांना आधी शिकवावा, असा साधा हिशेब. १९४४ पर्यंत ही यादी ३०,००० शब्दांवर गेली.

पण ज्यांची मातृभाषाच इंग्रजी नाही, त्यांचे काय? हा प्रश्न मनावर घेतला तो अविभाजित बंगालमध्ये. इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधले मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या लक्षात आले, की असंख्य मुले शाळा अर्ध्यावर सोडतात. मग त्यांच्या दोन-चार वर्षांच्या इंग्रजीचे पुढे काय होते? यासाठी वेस्ट यांनी विम्याच्या व्यवहारातला शब्द वापरला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच सोडली तर हाती किती पडते? तसेच शिक्षणाचे!

त्यांना दिसले, की क्रमिक पुस्तकांत ‘बिफोर’ऐवजी ‘एअर’, ‘आयलंड’ऐवजी ‘आइल’, ‘नथिंग’ऐवजी ‘नॉट’ असे जुने, ग्रांथिक शब्द भरलेले आहेत. ते काढून त्यांनी रोजच्या शब्दांची वाचनमाला तयार केली. उद्देश हा, की शाळा मध्येच सुटली तरी मुलाला साधे इंग्रजी वाचता यावे. १९३५ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह असा शब्दकोश काढला, की ज्यात २४,००० शब्द व वाक्प्रचारांचे अर्थ केवळ १,४९० शब्दांत समजावले होते. १९५३ साली त्यांची सुमारे २,००० शब्दांची प्रसिद्ध यादी आली. आजच्या अनेक श्रेणीबद्ध याद्यांचे मूळ तिच्यात सापडते.

अर्थात, नेहमी येणारा शब्द सोपा असतोच असे नाही. ‘ओयूजीएच’ ही चार अक्षरे ‘थ्रू’मध्ये एक आवाज देतात, ‘टफ’मध्ये दुसरा आणि ‘दो’मध्ये तिसराच! उलट ‘टेबल’, ‘स्टेशन’ हे शब्द आपल्या मुलांना इंग्रजीची पाटी हातात घेण्याआधीच येतात. म्हणजे अवघडपणा नुसता शब्दात नसतो, शिकणारा कुठून येतो यावरही तो ठरतो.

माझा एक वर्गमित्र सातवीतच शाळा सोडून वडिलांबरोबर शेतीला लागला. आमच्यात त्याचे पाठांतर सर्वांत पक्के. पुष्कळ वर्षांनी गावी भेट झाली तेव्हा त्याने पाठ केलेली कविता घडाघडा म्हणून दाखवली, आणि मग खताच्या पोत्यावरची इंग्रजी सूचना माझ्याकडून वाचून घेतली. पॉलिसीचे हप्ते त्याने भरले होते, हाती काही पडले नव्हते. वेस्ट यांच्याविषयी वाचताना मला सारखा तोच आठवत राहिला.

आता प्रश्न आपल्याच अंगणातला. महाराष्ट्राबाहेर वाढणारी आपली मुले मराठीच्या बाबतीत त्या वर्गमित्राच्याच जागी उभी आहेत. सुट्टीतले दोन महिने, रविवारचे चार वर्ग, मग दहावीची गडबड. तेवढ्या वेळात आपण त्यांना काय देतो? पाठ केलेले अलंकारिक भाषण, की आजीचे पत्र वाचता येईल एवढे शब्द? वेस्ट यांच्यासारखी मोजदाद आपणही करू शकतो. प्रत्येक घराने रोज कानावर पडणारे शंभर मराठी शब्द लिहून आणले, तर पुढच्या गणेशोत्सवापर्यंत आपल्या मुलांसाठी आपली पहिली यादी तयार होईल. पहिला शब्द मी देतो : ‘ये, बस’.

गणपती बाप्पा मोरया!