बॉनेटवरचा पक्षी

३. ही पॉन्टिॲक ट्रान्स ॲम १९७३ची, म्हणूनच बॉनेटभर पंख पसरलेला पक्षी तिला शोभतो. १९७० ते ७२च्या गाड्यांच्या नाकावर फक्त छोटा पक्षी असे. मोठा आला १९७३मध्ये, तोही जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी. थट्टेखोरांनी त्याला ‘किंचाळणारी कोंबडी’ म्हटले आणि ते नाव टिकले. त्या वर्षी ट्रान्स ॲम लाल, हिरवी किंवा पांढरी एवढीच मिळे. पक्ष्याचे रंगही त्यानुसार ठरत. काळ्या गाडीवरचा सोनेरी पक्षी १९७६चा. ‘स्मोकी अँड द बँडिट’ (१९७७) पाहून तो जुन्या गाडीवर डकवणारे हौशी असतात. जाणकार अशी गाडी लांबूनच ओळखतात.

लेखकाने पक्ष्याचा स्टिकर चिकटवण्याचे काम एका वाक्यात उरकले आहे, पण ते तितके सोपे नाही. नवा रंग पुरता मुरलेला नसेल, तर स्टिकरखाली बुडबुडे धरतात. साबणपाणी फवारले की स्टिकर सरकवता येतो; आधी बॉनेटची मध्यरेषा जुळवायची, मग रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी काढायचे. वरून पारदर्शक लॅकर मात्र मारू नये. कारखान्यात तो थर नव्हता. कडेचा बारीक उंचवटा बोटाला लागायलाच हवा. — संपा.