ऑनलाइन पाळीपत्रक

ऑनलाइन पाळीपत्रक म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, सुट्ट्या व कामाच्या जागा आंतरजालावरील संगणकप्रणालीच्या साहाय्याने ठरवून त्या प्रत्येकाच्या मोबाईलवर कळवण्याची व्यवस्था होय. रुग्णालये, उपाहारगृहे, दुकाने, कॉल सेंटर अशा दीर्घकाळ चालणाऱ्या आस्थापनांत तिचा वापर होतो. बोलीभाषेत पाळीपत्रकास 'ड्यूटी चार्ट' किंवा 'रोस्टर' म्हणतात.

पूर्वपीठिका

कामाच्या वेळा आगाऊ कळवणे ही भारतात केवळ सोय नव्हती. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६१ नुसार प्रौढ कामगारांच्या कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावणे बंधनकारक होते. कलम १०८ नुसार अशा सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत द्याव्या लागत. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगारास आपली पाळी ठाऊक असे. बदली कामगारास मात्र गिरणीच्या दरवाजाशी गेल्यावरच त्या दिवशी काम आहे की नाही हे कळत असे.

कार्यपद्धती

प्रथम कर्मचाऱ्यांची नावे, कौशल्ये व उपलब्धता नोंदवली जाते. कोणत्या वेळी किती माणसे लागतील हे ठरवून पर्यवेक्षक पाळ्या भरतो, किंवा प्रणाली स्वतः मसुदा सुचवते. एकाच व्यक्तीस एकाच वेळी दोन ठिकाणी नेमल्यास अथवा दोन पाळ्यांत पुरेशी विश्रांती नसल्यास ती इशारा देऊ शकते. रात्रपाळी मध्यरात्र ओलांडत असल्याने तिचे तास कोणत्या दिवशी धरायचे, हे आधीच निश्चित करावे लागते. येथे चूक झाली की साप्ताहिक सुट्टीचा हिशेब बिघडतो.

मसुदा व प्रसृत पत्रक यांतील भेद महत्त्वाचा आहे. पत्रक प्रसृत केल्यावरच ते कर्मचाऱ्यांना दिसते आणि नंतरचा बदल संबंधितांना सूचनेद्वारे कळतो. बहुतेक प्रणालींत सहकाऱ्याशी पाळीची अदलाबदल करता येते. तिला वरिष्ठांची संमती आवश्यक ठेवता येते.

परिचारिकांच्या पाळ्या लावणे हा गणिताच्या संक्रियात्मक संशोधन या शाखेतील एक प्रसिद्ध व अवघड प्रश्न आहे. सर्व अटी पाळणारे पत्रक अनेकदा निघतच नाही. मग कोणती अट सोडायची, हे माणसालाच ठरवावे लागते.

पूर्वसूचनेचा प्रश्न

पत्रक क्षणात बदलता येणे हा या व्यवस्थेचा गुण, आणि तिच्यावरील मुख्य आक्षेपाचे कारणही तेच. ग्राहकांच्या अपेक्षित गर्दीनुसार पाळ्या वाढवल्या वा कापल्या गेल्या, की कर्मचाऱ्याचे उत्पन्न, मुलांची व्यवस्था, शिक्षण सारेच अनिश्चित होते. गिरणीच्या दरवाजाशी थांबणाऱ्या बदली कामगाराची स्थिती मोबाईलवर परत येते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने स्टारबक्सच्या एका कर्मचारी मातेच्या अशा ओढाताणीचा वृत्तान्त छापला. त्यानंतर, रात्री दुकान बंद करणाऱ्यासच पहाटे ते उघडण्यास बोलावण्याची प्रथा थांबवण्याचे कंपनीने जाहीर केले. २०१७ मध्ये सिअ‍ॅटल शहरात मोठ्या दुकानांना व उपाहारगृहांना १४ दिवस आधी पत्रक देण्याचे बंधन लागू झाले. त्याच वर्षी ओरेगॉन हे असा कायदा संमत करणारे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. तेथे ५०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या किरकोळ विक्री, आतिथ्य व खाद्यसेवा आस्थापनांना ऐनवेळी बदल केल्यास काही अपवाद वगळता अतिरिक्त मोबदला द्यावा लागतो.

मर्यादा

स्मार्टफोन नसलेल्या वा त्याची सवय नसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी छापील प्रत लावणे आजही आवश्यक ठरते. विदा एका सेवादात्याकडे एकवटल्याने निराळी जोखीमही उद्भवते. डिसेंबर २०२१ मध्ये क्रोनोस या कंपनीच्या प्रणालीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला, तेव्हा अमेरिकेतील अनेक रुग्णालयांना व अन्य संस्थांना काही आठवडे हजेरीची नोंद कागदावर ठेवावी लागली.