जुन्या प्लॉटरची एएमसी: ‘एंड ऑफ सपोर्ट’नंतर काय?

अपडेट बंद झाले तरी फोन चालत राहतो. प्लॉटरचंही तसंच, फक्त इथे खरी अडचण सुट्या भागांची.

हुडकेश्वरसारख्या वाढत्या वस्तीत घरांचे नकाशे छापायला प्लॉटर लागतोच. २४ इंची मशीनवर ए१ निघतो. ए० ची रुंदी ८४१ मिमी, म्हणून ३६ इंची हवं. ही मशीन महाग, त्यामुळे दुकानदार ती वर्षानुवर्षं वापरतात.

कंपनी मॉडेल बनवणं थांबवते, पुढे काही वर्षं पार्ट आणि सर्व्हिस देते. ती मुदत संपली की एएमसीही रिन्यू होत नाही. मग बाहेरचा मेकॅनिक एएमसी देतो. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणजे पार्टसकट, ‘नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणजे फक्त मजुरी. पहिल्या प्रकारातही शाई आणि प्रिंटहेड बहुतेक वेळा वगळलेले असतात. (हे बारीक अक्षरात असतं, अर्थातच!)

एचपी डिझाइनजेट ५०० चंच बघा. हेड इकडून तिकडे ओढणारा बेल्ट वयानं ठिसूळ होऊन तुटतो. बदलायला अर्धं मशीन उघडावं लागतं, आणि बेल्ट मिळालाच नाही तर कॉम्प्रिहेन्सिव्ह कागदावरच राहतं. म्हणून सही करण्याआधी लिहून घ्या: पार्ट किती दिवसांत येणार, नवा की जुन्या मशीनमधून काढलेला, आणि नाहीच आला तर किती पैसे परत.

वाद झालाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा सहसा बसत नाही. पण वस्तू स्वयंरोजगारातून फक्त स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतली असेल, तर तुम्ही ग्राहकच. हेल्पलाइन १९१५.