वारादचे अजिंक्यपद

हंगेरीच्या फुटबॉल लीगमधील विजेत्यांची यादी १९०१ पासून सुरू होते. वरून खाली वाचत आलो की पहिली चार दशके तीच ती नावे फिरून फिरून भेटतात : बीटीसी, एमटीके, फेरेन्त्सवारोश, उयपेश्त, शेवटी चेपेल. सगळे संघ राजधानी बुडापेस्टचे. मग १९४३-४४ च्या हंगामासमोर एक अनोळखी नाव येते, नॉद्यवाराद अ‍ॅथलेटिक क्लब, आणि त्यानंतर ते पुन्हा कधीच दिसत नाही. राजधानीबाहेरच्या संघाने मिळवलेले हे हंगेरीतले पहिले अजिंक्यपद. या ओळीपाशी मी अडलो तो फुटबॉलमुळे नव्हे, त्या सालामुळे. १९४४ च्या वसंतात हंगेरीत काय चालले होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही ओळ सहज ओलांडून पुढे जाता येत नाही.

आधी 'राजधानीबाहेरचा' या शब्दाविषयी. हंगेरियन भाषेत त्यासाठी 'विदेक' असा शब्द आहे. कोशातला अर्थ मुलूख, ग्रामीण भाग. व्यवहारातला अर्थ मात्र बुडापेस्ट सोडून उरलेले सगळे. चांगले गजबजलेले शहरही तिथे 'विदेक'च. मुंबईकर नागपूरला निघाला तरी 'गावाला चाललो' म्हणतो, त्यातलाच प्रकार. फुटबॉलमध्ये हा भेद नुसता बोलण्यातला नव्हता. सुरुवातीच्या काळात लीग म्हणजे बुडापेस्टच्या संघांचीच स्पर्धा होती. १९२६ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा बाहेरच्या संघांना तीत खरा शिरकाव मिळाला. (काटेकोर वाचक म्हणेल की उयपेश्त आणि चेपेल ही १९५० पर्यंत कागदोपत्री स्वतंत्र गावे होती. खरे आहे; पण ती राजधानीला इतकी चिकटलेली होती की त्यांना 'विदेक' कुणीच म्हणत नसे.)

नॉद्यवारादला तिथले लोक नुसते 'वाराद' म्हणतात. रुमानियन भाषेत तेच ओराद्या आणि जर्मन-यिद्दिशमध्ये ग्रोसवारडाइन. एका गावाची तीन नावे, आणि तिन्ही नावांनी हाक मारणारी माणसे एकाच बाजारात वावरत होती. १९१० च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ६४ हजार होती. बहुसंख्यांची भाषा हंगेरियन होती, आणि त्यांतला मोठा हिस्सा ज्यूंचा. व्यापार, छापखाने, वर्तमानपत्रे, कॉफीहाउस यांचे हे शहर. कवी एंद्रे ऑदी विसाव्या शतकाच्या आरंभी इथेच पत्रकारी करत होता. त्याच १९१० सालच्या मे महिन्यात क्लब स्थापन झाला.

नऊ वर्षांनी रुमानियन फौजा शहरात आल्या, आणि ४ जून १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश शेजाऱ्यांकडे गेला. वाराद आता रुमानियाचे. क्लबने मैदान सोडले नाही, गाव सोडले नाही. देश तेवढा बदलला. नावही बदलून 'क्लुबुल अ‍ॅटलेटिक ओराद्या' झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रुमानियाला नव्याने मिळालेल्या या पट्ट्यात फुटबॉल आधीच रुजलेला होता. तिमिशोआराच्या किनेझुल संघाने १९२२ ते १९२७ अशी सलग सहा वर्षे रुमानियाचे अजिंक्यपद जिंकले. तिमिशोआरा हेही पूर्वीचे हंगेरियन शहर. वारादचा क्लब १९२४ आणि १९३५ मध्ये उपविजेता ठरला. बुडापेस्टच्या सावलीत जे संघ 'विदेक' म्हणून दुय्यम राहिले असते, ते नव्या देशात पहिल्या रांगेत आले. सरहद्द हलल्याने त्यांचे भले झाले, असे मी म्हणणार नाही. अल्पसंख्य म्हणून जगण्याची किंमत त्या लोकांनी मोजलीच. पण फुटबॉलपुरते बोलायचे तर त्यांना राष्ट्रीय पातळीवर रोज कस लागेल असे मैदान मिळाले, आणि १९४४ च्या विजयाची मुळे मला तिथे दिसतात.

या पिढीचा सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे द्युला बोदोला, रुमानियन नोंदींतला युलिउ बोदोला. तो १९१२ मध्ये ब्राशोवला जन्मला आणि वारादमध्ये खेळाडू म्हणून घडला. १९३१ ते १९३९ या काळात रुमानियासाठी ४८ सामन्यांत त्याने ३० गोल केले. हा विक्रम मोडायला गेओर्गे हाजी यावा लागला, तोही जवळपास सहा दशकांनी.

३० ऑगस्ट १९४० रोजी व्हिएन्नात जर्मनी आणि इटली यांनी लवाद म्हणून बसून उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला परत देवविला. सप्टेंबरात हंगेरियन फौजा वारादमध्ये शिरल्या आणि क्लबला जुने नाव मिळाले. बोदोला बुखारेस्टच्या व्हीनस संघात होता, तो परतला. त्याच्याबरोबर रुमानियासाठी खेळलेले आणखीही गडी होते. हंगेरियन लीगमध्ये त्यांची नावे हंगेरियन वळणाने लिहिली जाऊ लागली : स्पिलमानचा शारवारी झाला, निकोलाए सिमातोकचा सेगेदी. सिमातोक पुढे मिलानच्या इंटर आणि बार्सिलोना या क्लबांकडून खेळला. संशोधकाला हा नावांचा घोळ फार छळतो. दोन देशांच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर एकच माणूस दोन वेगळे खेळाडू म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो.

प्रशिक्षक होता फेरेन्त्स रोनाई. जून १९२२ मध्ये बेलग्रेडला रुमानियाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्या संघातला हा खेळाडू. बचावात ग्युला लोरांत नावाचा विशीतला तरुण होता. नऊ वर्षांनी वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवणाऱ्या हंगेरीच्या सुवर्णसंघात तो पुश्काशबरोबर उभा राहणार होता.

१९४२-४३ मध्ये वाराद उपविजेता ठरला. पुढच्या हंगामात पहिला आला. फेरेन्त्सवारोश दुसरा, आणि तिसरा पुन्हा ट्रान्सिल्व्हेनियाचाच, कोलोज्वार. राजधानीचा दरारा मोडला, तो सरहद्दीपलीकडून वीस वर्षांनी परतलेल्या दोन संघांनी.

कुणी इथेच थांबून टाळ्या वाजवाव्यात इतकी ही गोष्ट चांगली आहे, आणि हंगेरियन क्रीडालेखनात ती पुष्कळदा इथेच थांबते. पण त्या लीगमधून कोण गायब होते तेही पाहायला हवे. एमटीके, म्हणजे तेव्हाचा हुंगारिया, हा तोवर पंधरा वेळा विजेता ठरलेला क्लब १९४० मध्ये विसर्जित झाला होता. त्याचे संस्थापक, आश्रयदाते, प्रेक्षक यांत ज्यूंचे प्रमाण मोठे, आणि १९३८ पासून ज्यूविरोधी कायदे एकामागून एक येत होते. वारादने ज्या स्पर्धेत बाजी मारली, ती आधीच चाळणी लावलेली स्पर्धा होती. खेळाडूंचा त्यात दोष नाही; पण ही गोष्ट नोंदीबाहेर ठेवता येत नाही.

१९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजांनी हंगेरी व्यापला. हंगाम चालू होता. मेच्या पहिल्या आठवड्यात वारादमध्ये सिनेगॉगभोवतालच्या गल्ल्यांना कुंपण घालून घेट्टो उभारला गेला. बुडापेस्ट सोडला तर हंगेरीतला हा सर्वांत मोठा. १९४१ च्या गणनेत शहराच्या सुमारे ९३ हजार वस्तीत २१ हजारांहून अधिक ज्यू होते, म्हणजे दर चार-पाच माणसांत एक. लपवलेला पैसाअडका काढून घेण्यासाठी हंगेरियन पोलिसांनी शहरातल्या ड्रेहर दारूभट्टीत लोकांना झोडपले. मेअखेर ते जूनच्या आरंभी गाड्या भरून ही माणसे आउश्वित्झला पाठवली गेली. हे जर्मनांच्या आदेशाने झाले तरी कुंपण घालणारे, याद्या करणारे, डब्यांत कोंबणारे हात मुख्यतः हंगेरियन होते.

एवा हेमान ही वारादचीच तेरा वर्षांची मुलगी. तिची १३ फेब्रुवारी ते ३० मे १९४४ या काळातली रोजनिशी युद्धानंतर तिच्या आईने प्रसिद्ध केली. आईचा हात तीवर फिरला असावा असे काही अभ्यासक मानतात. तिची लाल सायकल जप्त झाली, हा प्रसंग त्या रोजनिशीतला. एवाचा अंत ऑक्टोबरमध्ये आउश्वित्झला झाला. तिचा सावत्र बाप, लेखक बेला झोल्त, वाचला आणि त्याने त्या घेट्टोवर लिहिले. मी दोन तारखा शेजारी ठेवतो आहे एवढेच. प्रेक्षकांत नेमके कोण होते, कोण नव्हते, हे कुठल्याही गुणतक्त्यातून कळत नाही. पण पाच माणसांतला एक उचलून नेलेल्या शहराचे ते अजिंक्यपद होते. इतिहासकाराने ते यादीतून पुसू नये, पण साल मोकळे सोडू नये, असे माझे मत आहे.

१२ ऑक्टोबर १९४४ रोजी सोव्हिएत सैन्य वारादमध्ये आले. १९४७ च्या पॅरिस तहाने शहर कायमचे रुमानियाचे झाले. बोदोला हंगेरीत गेला, एमटीकेकडून खेळला, आणि तिथेच राहिला. लोरांत आराद शहराच्या संघाबरोबर रुमानियाचे अजिंक्यपद जिंकून हंगेरीला गेला. पुढे तो जर्मनी-ग्रीसमध्ये प्रशिक्षक होता; १९८१ मध्ये थेस्सालोनिकीला सामना चालू असतानाच हृदयविकाराने गेला.

आणि क्लब? त्याने १९४८-४९ मध्ये 'आयसीओ' या नावाने रुमानियाचे अजिंक्यपद जिंकले. पाच वर्षांत दोन देशांच्या लीगमध्ये पहिला, आणि १९४४ च्या संघातले काही जण १९४९ मध्येही होतेच. असा मान मिळालेले क्लब युरोपात बोटांवर मोजण्याइतके. १९५६ मध्ये 'प्रोग्रेसुल' नावाने रुमानियन चषकही आला. नावे मात्र शासनाच्या मर्जीने बदलत राहिली, आणि १९६३ मध्ये क्लब बंद झाला.

योगायोग असा की त्याच १९६३ च्या शरदात हंगेरीतल्या ग्योर शहराचा संघ विजेता ठरला. तो हंगाम लीगचे वेळापत्रक बदलण्यासाठी घेतलेला अर्धाच होता. वॅगन कारखान्यातल्या मंडळींनी १९०४ मध्ये काढलेला हा क्लब पुढे युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत जाऊन बेनफिकाकडून हरला. हंगेरीच्या आजच्या सीमेतला पहिला 'विदेकी' विजेता कोण, असे विचारले तर उत्तर ग्योर. 'आजच्या सीमेतला' हे शब्द गाळले की उत्तर वाराद. एका विशेषणावर सन्मान इकडचा तिकडे होतो, आणि कुणी ते विशेषण वापरतो, कुणी वापरत नाही, यावरून लिहिणाऱ्याचे राजकारण बहुधा ओळखता येते. रुमानियन बाजूलाही तसेच : १९४९ चे विजेतेपद घरचे, १९४४ चे परक्याचे.

२०१७ मध्ये क्लब पुन्हा नोंदवला गेला. शहराच्या मैदानाला बोदोलाचे नाव आहे. ते 'युलिउ' असे रुमानियन रूपात लिहिलेले असते.